गोपिकाकाकूंचं कपाट आणि रुपरावांची चौकट

वांग्यांची पिशवी कुठेतरी अडकवायची म्हणून मी अडकवली, एवढाच माझा गुन्हा. गोपिकाकाकूंच्या नव्या कोऱ्या कपाटाच्या कडेला एक देखणी लाकडी खुंटी होती. खुंटी दिसली की माणूस काहीतरी टांगणारच. मी टांगलं. खुंटी जरा वाकली, विचारात पडली, आणि पिशवीसकट खाली आली. तिच्या मागोमाग कपाटही आलं. धाडकन नव्हे. आधी माथ्याची फळी हलली, मग डावी बाजू अदबीनं माझ्याकडे झुकली, दोन्ही दारं एकमेकांचा निरोप घेऊन वेगळी झाली, आणि माझ्याहून हातभर उंच असं ते सागवानी कपाट खोलीभर पसरून निजलं. मधोमध मी, हातात एक वांगं.

"मोडलं!" मी किंचाळलो.

"मोडलं नाई, बाबू," ओसरीत बिडी ओढत बसलेला कवडू सुतार म्हणाला. "सुटलं. जिंदगीत पहिलं कपाट बनवलं, जे पडलं तर मले शाबासकी भेटते."

काकू स्वयंपाकघरातून आल्या. मी खोली खाली करायची मनाची तयारी केली, कारण हुडकेश्वरच्या त्या घरात मी त्यांचाच भाडेकरू होतो. पण काकू माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या फळ्यांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला रागावल्या असत्या तर बरं, असं वाटलं.

"एकच खुंटी निघाली काय गा?"

"एकच, काकू."

"ब्येस." त्यांनी दार लोटून घेतलं. "हे कपाट सुटते, हे कोणाले सांगाचं नाई. सांगशीन तर पुढच्या बारीनं तुले आतमधी कोंबून पाडीन."

या धमकीमागचं कारण इतवारीतल्या एका चौकटीत होतं.

गोपिका लग्न होऊन पारशिवनीकडून नागपूरच्या इतवारीत आली तेव्हा तिच्यामागून बैलगाडीत एक कपाट आलं होतं. बापानं बांधावरचा साग पाडून ते करवलं होतं आणि उन्हाळाभर सुताराच्या डोक्यावर उभं राहून त्याचा जीव खाल्ला होता. दाराच्या आतल्या बाजूला, फक्त लेकीला दिसावी म्हणून, आंब्याची एक डहाळी कोरून घेतली होती. खिळे, सरस, सगळं कायमचं. बापाला वाटलं, लेक एका घरी दिली म्हणजे कपाटही एकाच घरी राहणार.

त्या घरात धाकटा दीर होता, रुपराव. किराण्याचं दुकान, गोड जीभ. थोरला देवाजी, म्हणजे गोपिकाचा नवरा, इतका गरीब की मांजर आडवं गेलं तर तोच माफी मागायचा. वाटणीची बोलणी सुरू झाली तसं रुपरावांना अचानक चोरांचं भय वाटू लागलं. त्यांनी मधल्या खोलीचं जुनं रुंद दार काढून तिथं एक अरुंद, जाडजूड चौकट बसवली. चोर काही आला नाही. पण वाटणीच्या दिवशी गोपिकाचं कपाट त्या चौकटीपर्यंत आलं आणि थांबलं. उभं निघेना, आडवं निघेना.

"कपाट वहिनीचंच हाय, कोण नाई म्हणते?" रुपराव धोंडबा पंचासमोर म्हणाले. "चौकटीतून निघत असन तर घेऊन जा. नाईतर करवत देतो."

धोंडबा हसला. बाकीचे हसले. देवाजीही भिऊन थोडासा हसला, आणि त्यानंतर बरेच दिवस त्याच्या वरणात मीठ पडलं नाही.

गोपिकानं करवत घेतली नाही. बापाच्या कपाटाला करवत लावणं म्हणजे बापालाच लावण्यासारखं. ती हुडकेश्वरला राहायला आली. पण दरवर्षी हळदीकुंकवाला इतवारीत जायची, मधल्या खोलीत बसायची आणि कपाटाकडे बघायची. रुपरावांनी त्यात दुकानाच्या मिरच्या भरल्या होत्या. आंब्याच्या डहाळीवर मिरच्यांचा खकाणा. गोपिकाला शिंका यायच्या.

"वहिनी, सर्दी झाली काय?" रुपराव मायेनं विचारायचे.

"जुनी हाय, भाऊजी," ती म्हणायची. "जाईन कधीतरी."

जायची वेळ आली रुपरावांच्या लेकीच्या, नीलाच्या लग्नात. नीलावर गोपिकाचा जीव होता. लहानपणी ही पोट्टी त्याच कपाटात लपायची आणि 'मोठ्याई, शोध ना!' म्हणून आतून स्वतःच ओरडायची. "पोरीले आंदणातलं कपाट माह्या घरून," गोपिकानं जाहीर केलं. रुपरावांना वाटलं, वहिनी विसरली. त्यांनी गल्लीभर तिचं मन किती मोठं हे सांगितलं.

सगळं घर पहिली पत्रिका ठेवायला टेकडीच्या गणपतीला गेलं त्या सकाळी गोपिका म्हणाली, "जा तुम्ही, घर मी पाह्यतो." घर पाहायला कवडू होता, मी होतो, आणि सायकल रिक्षावर फळ्या होत्या. मंडळी परतली तेव्हा मधल्या खोलीत, जुन्या कपाटाशेजारी, त्याहून मोठं नवं कपाट उभं होतं आणि काकू त्यात लुगड्यांच्या घड्या रचत होत्या. आमच्याकडे आंदण मांडलेलं, भरलेलं दिसावं लागतं, नाहीतर व्याह्यांकडच्या बायका वर्षभर बोलतात. फुकट आलेलं कपाट आत आलं कसं, हे मात्र रुपरावांनी विचारलं नाही.

लग्न लागलं. पंगती उठल्या. हिंगण्याचे व्याही मारोतराव मेटॅडोर आणून मांडवाशी उभे राहिले. चौघांनी लुगडी काढलेलं कपाट उचललं, चौकटीपर्यंत नेलं, आणि कपाट थांबलं.

"तिरपं करा!" रुपराव ओरडले. तिरपं केलं. आडवं केलं. उलटं केलं.

"आत आलं तर बाहेर बी निघन!"

"माह्या बापाचं बी आत आलंच होतं, भाऊजी," काकू पाटावर बसून म्हणाल्या.

रुपरावांच्या कपाळावर घाम आला. "व्याहीबुवा, मागून पाठवतो."

"मागून? लोक म्हणतीन, मारोतरावाले पोरगी भेटली, आंदण अडकलं."

"वहिनी, आता काय करू वो?"

काकूंनी पदर सारखा केला. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "चौकटीतून निघत असन तर घेऊन जा. नाईतर करवत देतो."

"नवऱ्या पोरीच्या कपाटाले करवत?" व्याहीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "अभद्र!"

मग उरलं काय? रुपरावांनी पहार मागवली आणि स्वतःच्या हातानं, लग्नाच्या नव्या धोतरात, स्वतःची चौकट खणायला घेतली. पहिल्या घावाला चुना उडाला. प्रत्येक घावाला काकूंचा चेहरा असा फुलत होता, जसं कोणी त्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडतंय. शेवटी चौकट भिंतीच्या मोठ्या तुकड्यासकट खाली आली.

तेव्हा उठला देवाजी. जन्मात कोणाच्या आधी न बोललेला माणूस जुन्या कपाटावर हात ठेवून म्हणाला, "पहिले हे."

"दादा, हे कसं..."

"निघते ना आता?" काकू म्हणाल्या. "पंचासमोरचं बोलणं हाय. काय गा, धोंडबा?"

धोंडबा या वेळी हसला नाही. मान डोलावून निमूटपणे मिरच्यांचं पोतं उचलू लागला.

जुनं कपाट बाहेर गेलं. मग काकू नव्या कपाटाजवळ गेल्या आणि कडेची खुंटी शेवटी ठेवून एकेक खुंटी काढली. टक, टक, टक. कपाट फळ्या होऊन पायाशी निजलं, आणि व्याह्यांची माणसं दोन-दोन फळ्या काखेत मारून चालती झाली. रुपराव चौकटीच्या लाकडावर बसले. तोंड उघडं, त्यात चुना.

काकूंनी खुंट्या नीलाच्या पदरात बांधल्या. "सासरी कोणी म्हटलं ना, निघत असन तर घेऊन जा, तं ह्या काढजो."

हुडकेश्वरच्या वाटेवर बैलगाडीत कपाटाला धरून मी शिंकत होतो. काकू दार उघडून आंब्याच्या डहाळीवरचा लाल खकाणा पदरानं पुसत होत्या. मला रुपरावांची दया आली.

"काकू, खुंट्या आधीच काढल्या असत्या तर बिचाऱ्यांची चौकट वाचली असती."

"वाचवाची कोणाले होती गा?"