कयंबोलीची गाडी

पनवेल स्टँडवर मी विचारलं, "कयंबोलीची गाडी कोठी लागते?"

मासेवाली हसली. "कयंबोली नाय रं, कलंबोली."

मी ओशाळलो. लोखंडबाजारात कामाला लागल्यापासून अशा हसण्याच्या भीतीनं मी गप्पच राहायचो.

बाकावरच्या चष्मेवाल्यानं वाकडं बोट मागं वळवून दाखवलं. "कळंबोलीतला ळ म्हणताना जीभ अशी वळवावी लागते. दोन स्वरांमध्ये ती सैलावते. तुमच्या वऱ्हाडात य होतो, यांच्याकडे ल. चूक नाही, नियम आहे."

मला नीट उमगलं नाही. शाळेत एक नियम धड पाळता आला नव्हता, म्हणून शाळाच सुटली. आणि हा नियम मी न शिकताच पाळत होतो? तरी त्या माणसाचे उपकार वाटले.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं विचारलं, "सळई कुठं ठेवलीस?"

"सयई मांगं हाये."

तो हसला. मी पुढं बोलत राहिलो.