संत्र्याच्या पेटीतला अंक

खून, दरोडे, दंगली असं सगळं नोकरीत पाहिलं. त्यातली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. पण अमरावतीत ठाणेदार असताना एका अनियतकालिकाचा अख्खा अंक चोरीला गेला, ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. रक्ताचा थेंब सांडला नव्हता, तरी तपास संपला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

संस्कृती आणि राजकारणावरचे लेख, जोडीला कविता, आणि जमेल तेव्हा अंक, असा त्यांचा कारभार. चालवणारे दोघे जुने मित्र. एक निवृत्त प्राध्यापक. लेखांची बाजू त्यांची. दुसरे हायस्कुलातून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना सगळे मास्तरच म्हणत आणि कविता निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. नावं सांगत नाही. अमरावती-अकोल्याकडचे वाचणारे लोक ओळखतीलच, त्यांनीही गप्प राहावं.

सकाळची हजेरी चालू असतानाच प्राध्यापक ठाण्यात शिरले, मागे मास्तर. अकोल्याच्या छापखान्यातून आलेले गठ्ठे प्राध्यापकांच्या घराबाहेरच्या खोलीत ठेवले होते. रात्री कोणीतरी कोयंडा उचकटून सगळे नेले होते. चोरीची फिर्याद द्यायला आलेला माणूस आधी काय गेलं ते सांगतो. प्राध्यापक मात्र कोणी नेलं इथूनच सुरू झाले. अंकात त्यांचा एक लेख होता, जिल्ह्यातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेत प्राध्यापकांच्या जागा कशा भरल्या जातात यावर. त्यांचा संशय थेट संस्थाचालकावर होता.

"लेख लोकांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याच्याच माणसांनी हे केलं," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. मास्तर मागे उभे राहून चष्म्याची काच पुसत होते. मला ते दुःख वाटलं.

गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. दुपारपर्यंत शहरातले लेखक-कार्यकर्ते निषेधाचे फलक घेऊन ठाण्यासमोर बसले. तिकडून वरिष्ठांचा फोन आला की पुरावा हाती आल्याशिवाय संस्थाचालकांच्या दारात जायचं नाही. पोलिसाचं म्हणजे 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' असं असतं.

धागा सापडला तो वरूडहून. तिथे मी पूर्वी नोकरी केल्यामुळे संत्र्याचे एक व्यापारी ओळखीचे होते. बातमी वाचून त्यांनी फोन केला.

"सायेब, तुमच्या अमरावतीचं चोरीचं पुस्तक आमच्या संत्र्याखाली निघून राहिलं ना!"

तिकडे पेट्या भरताना संत्र्याला खालून-वरून रद्दी कागद लावतात. त्या शेडमध्ये गेलो तर पेट्यापेट्यांतून लेख! संस्थाचालकांवरचा तो जहाल लेखही परराज्यात जाणाऱ्या पेटीत शांतपणे झोपला होता. शेडमधल्या दोन बायांना पंच केलं. त्यातली एक म्हणाली, "कागदासाठी पोलीस आले बापा! आमची शेळी गेली तवा तर कोणी आलं नाही." मी पंचनाम्याचा कागद तिच्यापुढे सरकवला.

जप्त केलेली पानं टेबलावर पसरून वाचायला बसलो. खरं सांगतो, लेख डोक्यावरून जात होते. जरा हलकं वाचावं म्हणून कविता शोधू लागलो, तर एकही सापडेना. निम्मा अंक कवितांचा आहे, असं प्राध्यापकांनी फिर्यादीत सांगितलं होतं. पुन्हा सगळी पानं चाळली. लेख सगळे होते, कवितेची एक ओळ नव्हती.

मग मी हातातलं काम बाजूला ठेवलं. संस्थाचालकाचा माणूस असता, तर त्याने लेख जाळला असता आणि कवितांकडे ढुंकून पाहिलं नसतं. गुंडाला कवितेचं काय? इथे उलटं झालं होतं. भीती ज्या लेखाची, तो रद्दीत गेला होता, आणि कविता कोणीतरी वाचवल्या होत्या.

व्यापाऱ्याने रद्दी कुठून घेतली ते विचारत आम्ही अमरावतीतल्या एका दुकानदारापर्यंत पोहोचलो. तो म्हणाला, "एक बुढे बाबाजी ऑटोत घेऊन आले व्हते. मधली पानं फाडून घेतलेली. म्या म्हटलं, राहू द्या ना, वजन भरते. तर म्हणे, 'थे नाही देत.'"

संध्याकाळी साध्या कपड्यात मास्तरांकडे गेलो. चौकशीचे प्रकार असतात. निर्ढावलेल्याला प्रश्नांनी दमवावं लागतं, पण सरळ माणसाला एकच प्रश्न पुरतो आणि तो हळू आवाजात विचारावा. चहा आला. कप खाली ठेवून मी म्हटलं, "मास्तर, कविता कुठं ठेवल्या?"

त्यांची नजर दिवाणाकडे गेली. खाली धुतलेल्या धोतरात बांधून पानांचे गठ्ठे नीट ठेवले होते.

"लोकायनं माझ्या भरवशावर पाठवल्या होत्या सायेब," ते म्हणाले. "अकोटच्या एका नर्सबाईची तर जिंदगीतली पयली कविता हाय. थे कशी रद्दीत घालू?"

कारणही त्यांनीच सांगितलं. त्यांची मुलगी त्याच संस्थेच्या कॉलेजात कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. जितके तास तितका पगार, सुट्टीत काही नाही. आता कुठे कायम नेमणुकीची ऑर्डर निघायची होती आणि नेमका तेव्हाच बापाचं नाव छापलेला हा अंक येणार होता. ऑर्डर हातात पडेपर्यंत अंक लांबावा एवढंच त्यांना हवं होतं. कोयंडा त्यांनीच उचकटला होता.

"धमकी कोणी दिली?"

"कोनी नाही. संस्थेतला बाबू बाजारात भेटला. म्हणे, 'मास्तर, तुमचं पुस्तक येऊन राहिलं म्हणते.' अन् हासला."

"आणखी काही?"

"बस्, हासला."

फिर्यादीत नाव असल्यामुळे संस्थाचालकांचा जबाब घेणं आता भागच होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, असं बी पुस्तक निघते काय आपल्या अमरावतीत? मले एक पाठवा बरं." खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. हे गृहस्थ इतर बाबतीत काय होते ते देव जाणे, पण या बाबतीत खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दोघा मित्रांना ठाण्यात बोलावलं. मास्तरांना त्यांची मुलगी स्कूटीवर घेऊन आली. आदल्या रात्री बापाने तिला कशाचा पत्ता लागू दिला नव्हता. मी माझ्या खोलीत तिघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. संस्थाचालक काय म्हणाले तेही सांगितलं. प्राध्यापकांना मित्राची चोरी जास्त लागली की शत्रूला आपला पत्ताच नव्हता हे, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

ते मास्तरांकडे वळून म्हणाले, "मले सांगतलं असतं एकडाव."

"सांगतलं असतं तर थांबला असता काय तू?"

"नाही. नसतो थांबलो."

मुलगी इतका वेळ दाराजवळच्या खुर्चीवर होती. ती उठून पुढे आली. "बाबा, काकांले त्या लेखाची माहिती कोनं देली, मालूम हाय?"

मास्तरांनी वर पाहिलं.

"म्या देली. तास कसे कापतात, सह्या कशा घेतात, सगळं म्याच सांगतलं. माझं नाव कोनालेच सांगायचं नाही, तुमाले बी नाही, असं वचन काकांकडून घेतलं होतं." तिने स्कूटीची किल्ली टेबलावर ठेवली. "ज्याच्यापायी तुमी थे रद्दीत घातलं, थे माझंच होतं. मले काहून नाही इचारलं?"

मास्तर उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "मले अटक करा, सायेब."

अंक दोघांच्या मालकीचा, तेव्हा ही चोरी कायद्यात बसत नव्हती. गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून गुन्हा नोंदला गेला असेल, तर आम्ही न्यायालयाला 'सी समरी' पाठवतो आणि प्रकरण मिटतं. तसं मी त्यांना समजावून सांगितलं. सुटलो म्हणून माणसं माझ्या पाया पडलेली मी पाहिली होती. सुटल्यामुळे इतका खचलेला माणूस तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. मुलीने त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर नेलं.

पुढे लेख पुन्हा छापले आणि वाचवलेल्या कविता त्यांना जोडून अंक निघाला. संपादक म्हणून दोघांची नावं पूर्वीसारखीच होती. मुलीला ऑर्डर मिळाली नाही. ती लेखामुळे मिळाली नाही की मिळणारच नव्हती, हे मला कधी कळलं नाही. आता ती अकोल्याला शिकवते, एवढं ऐकून आहे.

धमकीचा गुन्हा नोंदवायचा तर धमकी देणारा लागतो. इथे तो नव्हताच. एक बाबू हसला होता आणि बाकीचं सगळं बापाच्या मायेने केलं होतं. त्याआधी मी भीती दाखवणारे शोधत असे. भीती घरातच, प्रेमापोटी वाढते, हे त्या तपासात कळलं. निवृत्तीनंतर गावाकडची माणसं सल्ला मागायला येतात. मुलाच्या भल्यासाठी हे लपवू का, मुलीच्या भल्यासाठी ते मोडू का, असं विचारतात. कायदा मी नंतर सांगतो. आधी एवढंच विचारतो, "ज्याच्यासाठी करून राहिले, त्याले इचारलं काय?"