अर्ध्या तिकिटाची झोप

पृथ्वीच्या आमच्या दक्षिण अर्ध्यात वसंत सप्टेंबरात येतो, आणि तेव्हाच वाद्यवृंदाचा हंगाम सुरू होतो. लापाचोची झाडं पानं न फुटताच गुलाबी होतात, संत्र्याच्या फुलांचा वास खिडक्यांतून आत शिरतो, आणि थिएटरच्या भिंतीवर जाहिरात लागते. यंदा तिच्या तळाशी एक नवी ओळ होती: पेन्शनरांना वरच्या गॅलरीचा पास अर्ध्या दरात, सोबत येणाऱ्याला फुकट. सवलत जाहीर झाली की आमचं तुकुमान शहर जागं होतं. आमच्या गल्लीतला एक माणूस मात्र त्या सवलतीमुळे झोपला.

त्याचं नाव एवारिस्तो. जन्मभर त्याने कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव भाजले. आमच्याकडे पाव भाजणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभा राहतो त्यालाही उस्तादच म्हणतात. दोघांपैकी कोण जास्त उपयोगी, हे मला विचारू नका. मी वाद्यवृंदात डबल बास, ते माणसाहून उंच, गजाने वाजवायचं खर्जाचं वाद्य, वाजवते, आणि मला पाव आवडतो.

पहिल्या गुरुवारी मी नेहमीसारखी उंच स्टुलावर बसले होते. तिथून डावीकडची गॅलरी सरळ दिसते. दुसरा भाग सुरू झाला, मी सहज वर पाहिलं, तर कठड्यापाशी एवारिस्तो उस्ताद तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. मग मी कार्यक्रम संपल्यावर त्यांना बाहेर संत्र्याच्या झाडाखाली गाठलंच.

"उस्ताद, आमचं वाजवणं आवडत नसेल तर सरळ सांगा. वर येऊन झोपता कशाला?"

"तुला दिसलो मी, ग्रिसेल्दा?"

"दिसलात? दात मोजता आले असते तुमचे."

"खालचे सोडून मोज, ते माझे नाहीत." मग ते ओशाळून टोपी हातात फिरवत राहिले. "रागावू नकोस, पोरी. दोन वर्षांत मला धड झोप लागलेली नाही. लागली ती इथेच."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझ्या रागातली हवाच गेली. सगळी हयात ते रात्री भट्टीपुढे उभे राहिले आणि दिवसा झोपले. बाहेर लाल बर्फाची अचिलाता विकणाऱ्याची आरोळी, समोरच्या शाळेची घंटा, आणि शेजारच्या खोलीत बायकोचं, ओतिलियाचं, शिवणयंत्र. त्या गोंगाटात त्यांना ब्रह्मानंदी टाळी लागायची.

"सगळे कामाला लागलेत, आता आपण झोपलो तरी चालतंय, असं डोक्यात बसलंय बघ. आता पेन्शन घेतली. रात्री आडवा होतो तर दुनिया गप्प, एक ओतिलियाचं यंत्र सोडलं तर. ते थांबलं की मला वाटतं, अरे, कामावर कोणीच नाही, मग सकाळचा पाव कोण भाजणार? की उघडला डोळा."

"मग दुपारी झोपा की."

"दुपारी! दुपारी या गावात कुत्रं तरी भुंकतं का?"

हेही खरं होतं. आमच्याकडे जेवण झालं की पाच वाजेपर्यंत जो दाराची कडी वाजवील तो जन्माचा वैरी.

"आणि आम्ही वाजवायला लागलो की?"

"केवढी माणसं एकदम कामाला लागता गं तुम्ही! कुणी घासतंय, कुणी फुंकतंय, तो मागचा तर बडवतोय नुसता. मी वरून बघतो आणि स्वतःला म्हणतो, चला उस्ताद, पाळी संपली, आता निर्धास्त झोपा."

मी रागावायला गेले होते आणि त्यांना मिलानेसाचं, म्हणजे तळलेल्या मांसाच्या कापाचं, सँडविच खाऊ घालून परत आले.

त्यानंतर गुरुवारचं माझं वाजवणंच बदललं. लोक संगीत ऐकायला येतात हे मला माहीत होतं, पण आपण एका माणसाची झोप धरून आहोत हे कधी मनात आलं नव्हतं. वर लक्ष ठेवता ठेवता मला त्यांच्या झोपेची वळणं कळायला लागली. पितळी वाद्यं गर्जली की ते आणखी खोल जायचे. सगळे हळू झाले की पापणी हलायची. तेव्हा मी खर्जातला सूर जरा जास्तच भरून धरायची, आणि छडीवाले उस्ताद माझ्याकडे डोळे वटारायचे. वटारोत बापडे. उघड्या दारांतून फुलांचा वास आत येत असायचा, दिवे मंद असायचे, आणि मला वाटायचं की हॉल हळूहळू जमिनीवरून सुटला आहे आणि गॅलरीतला तो एक माणूस आम्हा सगळ्यांना स्वप्नात पाहतो आहे.

स्वप्नं ते मला दुसऱ्या दिवशी माते, तो आमचा नळीने प्यायचा कडू चहा, पिता पिता सांगत. एकदा पीठ पडत होतं म्हणे, आभाळातून, उसाच्या सगळ्या मळ्यांवर, अगदी संथपणे, आणि ते त्यावरून अनवाणी चालत होते तरी पाऊल उमटत नव्हतं. एकदा उसाची आगगाडी भट्टीच्या दारातून निघाली आणि डब्याडब्यांत आमची व्हायोलिनं बसली होती.

"मी होते का?"

"तू इंजिन होतीस."

याला मी कौतुक समजले.

पुढे एका संध्याकाळी कार्यक्रमात घालायचा काळा स्कर्ट उसवला म्हणून मी ओतिलियाकाकूंकडे गेले. उस्ताद बाहेर गेले होते. काकूंची नजर आता अधू झाली आहे, पण पायाने चालवायचं ते जुनं यंत्र अजून तसंच आहे. रात्री पाणी प्यायला उठलं की मला आमच्या सामाईक भिंतीपलीकडून त्याचा आवाज यायचा, आणि मी मनात म्हणायची, म्हातारीकडे शिलाई बरी येतेय. काकू डब्यातला दोरा यंत्राच्या सुईत ओवायला लागल्या, जमेना. मी पुढे झाले. यंत्रावर रीळच नव्हतं. दोऱ्याच्या खुंटीवर धूळ बसली होती.

"काकू, मग रात्री काय शिवता?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "काय शिवणार? तयार कपडे घेतात सगळे. शेवटचं कापड कधी आलं आठवतही नाही."

"पण यंत्र तर चालतं."

"चालतं. ते चाललं की त्याचा डोळा तासभर तरी लागतो. गुरुवार तुम्ही सांभाळता, बाकीचा आठवडा मी. त्याला सांगितलंय, कामं आलीत म्हणून."

"आणि तुम्ही कधी झोपता?"

"मेल्यावर दुसरं काय काम असणार आहे मला?" त्या हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांखाली जे काळं होतं ते हसलं नाही. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "एक शब्द बोलायचा नाही त्याला. कळलं तर डोळे मिटून झोपेचं सोंग घेऊन पडून राहील रात्रभर, माझ्यासाठी. मी ओळखून आहे त्या म्हाताऱ्याला."

मी शब्द दिला आणि पाळला.

त्याच सुमारास दुसरं संकट आलं. उस्ताद घोरू लागले. वाद्यं जोरात असताना कुणाला कळतंय? पण संगीतात थांबण्याच्याही जागा असतात, आणि सगळे श्वास रोखून थांबले की वरून घर्रर्र. खालच्या महागड्या खुर्च्यांतून माना वळू लागल्या. गॅलरीचा डोअरकीपर रोसेंदो, गणवेशाच्या बटणांना रोज पॉलिश करणारा, त्याने उस्तादांना सर्वांसमोर सुनावलं, "आजोबा, हे थिएटर आहे, धर्मशाळा नाही. पुन्हा घोरलात तर पास जमा करून घेईन. मग पेन्शन दाखवा नाहीतर जन्माचा दाखला."

उस्ताद माझ्या दारात आले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. हंगाम अजून अर्ध्यावरही आला नव्हता.

"पास गेला तर मी संपलो, पोरी. त्या एका झोपेवर आठवडा निघतो माझा."

"काकूंना आणा," मी म्हणाले. "सोबत येणाऱ्याला फुकट आहे. घोरायला लागलात की ढोसतील."

"तिला वेळ कुठे? कामं आहेत तिला ढीगभर."

मी जाऊन काकूंनाच विचारलं. काकू तयार झाल्या. म्हणाल्या, "ढोसायचंच ना? लग्न झाल्यापासून तेच करतेय."

गुरुवारी त्या लग्नकार्यातला निळा पोशाख घालून आल्या, केसांत संत्र्याचं फूल. दोघं कठड्यापाशी बसली. पहिल्या भागात उस्तादांची मान कलली, काकूंचं कोपर बसलं, मान सरळ झाली. पुन्हा कलली, पुन्हा कोपर. मला हसू आवरेना. मग आमचा मोठा कल्लोळ सुरू झाला आणि वर पाहायला फुरसत मिळाली नाही.

मिळाली तेव्हा चित्र उलटं झालं होतं. काकूंचं डोकं उस्तादांच्या खांद्यावर होतं, फूल गालावर घसरलेलं, आणि तोंड अर्धवट उघडं. उस्ताद ताठ बसले होते. डोळे टक्क उघडे. खांदा हलू नये म्हणून ते श्वासही जपून घेत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आम्हाला पूर्ण ऐकलं.

शेवटची रचना शेवटाला विझत जाते. एकेक वाद्य गप्प होतं आणि उरतो फक्त आम्हा बासवाल्यांचा खर्ज, इतका हळू की गज तारेवर आहे की नाही हे आपल्यालाच कळू नये. मग तोही थांबतो. छडीवाले उस्ताद हात वर धरून उभे राहिले. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि वरून आलं, अगदी बारीक, घर्रर्र.

रोसेंदो दबक्या पावलांनी पायऱ्या उतरताना मला दिसला. बटणं चमकत होती. उस्तादांनी त्याला येताना पाहिलं. 'मी नाही, ही' असं ते दाखवू शकले असते, खूण करू शकले असते, बायकोला हलवू शकले असते. त्यांनी एक बोट ओठांवर ठेवलं, आणि दुसऱ्या हाताने खिशातून पास काढून, रोसेंदोने तोंड उघडायच्या आत, त्याच्या हातात दिला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपली सगळी झोप त्या माणसाने कागदाच्या तुकड्यासारखी देऊन टाकली, तीही आवाज होऊ नये म्हणून.

टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला, काकू उठल्या नाहीत. लोक गेले, वादक पेट्या बंद करून गेले, काकू झोपलेल्याच. मी बास स्टुलाला टेकवून वर गेले. रोसेंदो किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून उभा होता, वाजू नये म्हणून.

"बाई, उठवा ना त्यांना. मला दारं लावायचीत."

"हळू बोल रे," उस्ताद कुजबुजले. "खांदा गेलाय माझा, पण बोलू नकोस." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय आवाज करता गं तुम्ही! यात माणूस झोपतो तरी कसा?"

मी हसले. मोठे दिवे गेले होते, रिकामा हॉल खाली काळोखात पसरला होता, आणि तिथे अशी शांतता झाली की स्वतःचा श्वास ऐकू यावा. त्या शांततेत बाकाखाली काहीतरी हललं. काकूंचा पाय होता. टाच, चवडा, टाच, चवडा. झोपेतच, संथपणे, न थकता.

उस्ताद त्या पायाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्या तालावर झोपले तो ताल त्यांना कळणार नाही तर कुणाला? बघता बघता त्यांचा चेहरा बदलला.

"संगीत चालू होतं तेव्हा पाय गप्प होता," ते म्हणाले. "शांत झालं आणि हा सुरू झाला." त्यांनी मान वर केली. "ग्रिसेल्दा, खरं सांग. तिच्याकडे कामं येत नाहीत ना?"

मी शब्द दिला होता. मी काकूंच्या गालावरचं फूल उचलून कठड्यावर ठेवलं. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "अगं वेडे, दोन वर्षं."

पाय चालतच होता. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला, थांबेना. मग ते खाली स्टुलाला टेकलेल्या बासकडे आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की मला काही विचारावं लागलं नाही. मी रोसेंदोकडे पाहिलं. त्याने किल्ल्यांची मूठ पाहिली, काकूंना पाहिलं, तो पास हळूच उस्तादांच्या खिशात परत सरकवला, आणि पायरीवर बसून घेतलं.

मी खाली गेले. एकटीच स्टुलावर बसले, गज उचलला आणि तोच शेवटचा खर्जाचा सूर धरला, तो रिकाम्या हॉलमध्ये हळूहळू भरू दिला. गज एका टोकाला पोचला की आवाज न तुटता उलटा फिरवायचा, इतकंच काम. किती वेळ वाजवत होते, माहीत नाही. दारातून फुलांचा वास येत होता.

मग वर कठड्यावर एक हात दिसला, पिठात आयुष्य गेलेला, रुंद. त्याने हवेत, अगदी अलगद, खूण केली.

पाय थांबला होता. मी वाजवत राहिले.