जोमाची रेकॉर्ड, मास्तरांचं नाव

बँडपार्टीत चार वर्षं काढली की किस्से गोळा करत बसावं लागत नाही. लाल कोटाच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग पडतात ना, तसे ते आपोआप साठतात. धुतले तरी जात नाहीत.

मी मुंबईचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं आणि पनवेलला परत येऊन विनायकराव मास्तरांच्या बँडमध्ये साइड ड्रम गळ्यात अडकवला. आमचे अण्णा हायस्कुलात शिक्षक. मुलगा वाया गेला, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात. त्यांच्या पिढीतली जी माणसं वाया गेली नाहीत, ती काय करतात ते आता ऐका.

*

आमच्या पार्टीत सॅक्सोफोन वाजवायचा जोमा. खाडीकडच्या गावातला आगरी पोरगा, बाप मिठागरावर. घरात जागा नाही आणि शेजाऱ्यांना आवाज खपत नाही, म्हणून तो मिठागराच्या बांधावरून चालत चालत वाजवायला शिकला. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये हातभर बांध. उभं राहून वाजवणं त्याला कधी जमलंच नाही.

वरात चालती असली की प्रश्न नसायचा. पण एकदा बाजारपेठेत नाचणाऱ्यांसाठी वरात थांबली, आणि जोमा आपला नवरदेवाच्या घोड्याभोवती फिरत राहिला. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. घोडा बिचारा मान वळवून वळवून कंटाळला.

नवऱ्याचे मामा मास्तरांवर ओरडले, "अहो, हा आमच्या मुलाला प्रदक्षिणा का घालतोय? देव आहे का तो?"

मास्तरांनी जोमाला झापलं. जोमा शांतपणे म्हणाला, "मास्तर, मी उभा रायलो का वारा उभा रातंय. मंग फुंकू काय?"

*

मास्तरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. सॅक्सोफोन त्यांचा होता; जोमा शिकला तोही त्यावरच. कलकत्त्याहून आणलेला, पितळेचा, पोटच्या पोरासारखा जपलेला. पण मास्तरांचे पुढचे दात पडून सहा वर्षं झाली होती. कवळी लावून त्यांनी एकदा, फक्त एकदा, गणपतीच्या मिरवणुकीत फुंकून पाहिलं. कवळी निघून समोरच्या ताशेवाल्याच्या पायाशी पडली. ताशेवाल्याने वाजवता वाजवता ती पायाने बाजूला केली.

हे सगळ्या पनवेलने पाहिलं. माझ्या अण्णांनीही पाहिलं. ध्यानात ठेवा.

*

जोमा दर सोमवारी लाँचने मुंबईला जायचा. तिथे मिंगेल नावाचा एक गोवेकर हॉटेलात जाझ वाजवायचा. गोवा तेव्हा अजून सुटायचा होता. मिंगेल म्हणायचा, मी तर कधीच सुटलो. जोमाने त्याला धोबी तलावाच्या एका वाद्यांच्या दुकानात गाठलं आणि त्याचा पिच्छाच पुरवला.

मिंगेलने त्याला एका अमेरिकन निग्रो वादकाची रेकॉर्ड दिली. जोमाने दोन महिने घासून ती जशीच्या तशी बसवली. श्वास कुठे घेतलाय तेसुद्धा. मिंगेलने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "बहोत अच्छा. लेकिन बाबा, ये तो वो बजा चुका. तू कायको तकलीफ लेता है?"



आणि इकडे त्याची आई. आंबीबाय. ती धवळारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटाच्या आधी तिचं काम; हळदीपासून प्रत्येक विधीला ती धवले गाते. एकच ओळ घोळवते, पण दर वेळी वेगळ्या वळणाने घरी आणते. तिला ती अमेरिकन रेकॉर्ड आम्ही नाक्यावरच्या हॉटेलात नेऊन ऐकवली. हॉटेलवाल्याने दोन चहांच्या बोलीवर ग्रामोफोन लावला. म्हातारी पदर दातात धरून शेवटपर्यंत ऐकत बसली.

मग म्हणाली, "यानं कनच्या तरी सायबाच्या शेतान राबलंय. आन याची आय गात व्हती."

हीच रेकॉर्ड मी अण्णांना ऐकवली होती. अण्णा बी.ए., बी.टी. ते म्हणाले, "बंद कर तो गोंगाट. याला ना शेंडा ना बुडखा."

जोमाने त्या दिवसापासून आईचे धवले सॅक्सोफोनवर घ्यायला सुरुवात केली. पुढच्या सोमवारी मिंगेलने ऐकलं, आणि या वेळी डोळे उघडे ठेवले.

*

गावातल्या एका प्रतिष्ठिताच्या घरचं लग्न. नाव सांगत नाही, त्यांच्या देणगीची पाटी गावात दोन ठिकाणी आहे. पंगत बसली होती, आम्ही मांडवात वाजवत होतो. जोमाने चालता चालता सिनेमाचं गाणं सोडलं आणि आईचा धवला धरला. वाढणाऱ्या बायका थबकल्या. नवरीच्या आईने तर डोळ्यांना पदर लावला.

यजमान ताटावरून ओरडले, "हे काय रडगाणं? लग्न आहे हे. मर्तिक नाही."

मास्तरांनी हात जोडले आणि सिनेमाचं गाणं पुन्हा सुरू करायला लावलं. आम्ही वाजवायला मांडवात, आणि आमची पानं मांडली गोठ्यामागे. तिथे नवरीची आई स्वतः श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली. जोमाला वाढत म्हणाली, "मघाचं ते पुन्हा वाजवशील का? हळू. ह्यांना ऐकू जाणार नाही असं."

जोमाने हात धुतले आणि वाजवलं. गोठ्याला चकरा मारत.

*

मिंगेलच्या ओळखीने मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने जोमाला बोलावलं. एका बाजूला धवला, दुसऱ्या बाजूला मिंगेलबरोबर बसवलेला जाझ. तीन-तीन मिनिटं. सॅक्सोफोन मास्तरांचा, त्यामुळे मास्तर कोट-टोपी घालून बरोबर आले. मी ड्रमवर.

रेकॉर्डिस्टने जोमाला मायक्रोफोनसमोर उभं केलं आणि म्हणाला, "हलायचं नाही." जोमा हलला. रेकॉर्डिस्टने खडूने जमिनीवर वर्तुळ काढलं. जोमा वर्तुळात उभा राहिला आणि जे वाजलं ते ऐकून मलाच लाज वाटली. सायकलचा भोंगा बरा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

मास्तर म्हणाले, "साहेब, याला घाम फुटलाय. राहू द्या, दुसरा माणूस बघू."

मिंगेल उठला, ओल्या रुमालाने खडू पुसून टाकला आणि रेकॉर्डिस्टला म्हणाला, "चलने दो उसको."

जोमाने वहाणा काढल्या. मायक्रोफोनपासून निघून तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. सूर लांब जायचा, भिंतीवरून फिरून जवळ यायचा, अगदी कानाशी, आणि परत खाडीपार निघून जायचा. रेकॉर्डिस्ट आधी कपाळाला हात लावून बसला होता. मग तो हात हळूहळू खाली आला. धवला संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "रख लो."

*

रेकॉर्ड आली तेव्हा जोमा धावत माझ्याकडे आला. त्याला आपल्या नावापुरतंच वाचता यायचं. त्याने तबकडी उन्हात धरली, बोट फिरवलं, उलटी केली, पुन्हा बोट फिरवलं.

"माजं नाव कनचे बाजूला हाय?"

मी वाचलं. दोन्ही बाजूंना छापलं होतं: सॅक्सोफोन, मास्टर विनायकराव.

तो रेकॉर्ड परत पाकिटात घालू लागला, पण ती कडेने आत जाईना.

मी मास्तरांच्या दुकानावर गेलो. ते बिगुल पुसत होते. म्हणाले, "अरे, पार्टीत नाव मास्तरचंच असतं, तेच मी कंपनीला लिहून दिलं. हँडबिलावर कोणाचं असतं? तुझं छापतो का मी? माझ्या मास्तरांनी माझं कधी छापलं?" आवाजात खोट नव्हती. हेच तर चिडण्यासारखं. त्यांच्या बाबतीत झालं, म्हणून त्यांनी केलं, आणि याला ते परंपरा म्हणतात.

मी अण्णांकडे गेलो. म्हटलं, तुम्ही कंपनीला इंग्रजीत पत्र लिहा. अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "वाद्य त्यांनी दिलं, संधी त्यांनी दिली. मुलाने कृतज्ञ राहावं. आणि येत्या रविवारी आपण मास्तरांचा सत्कार ठेवलाय. मानपत्र मीच लिहिलंय."

"अण्णा, मास्तरांना दात नाहीत."

"मोठ्यांच्या उणिवा काढू नयेत," अण्णा म्हणाले.

*

सत्कार शाळेच्या हॉलमध्ये. मास्तरांच्या गळ्यात हार, हातात सॅक्सोफोन, फोटोसाठी. अण्णांनी मानपत्र वाचलं. त्यात 'ओठांवर सरस्वती' असं होतं. जोमा मागे भिंतीला टेकून उभा. आंबीबाय पहिल्या रांगेत. बायकांसाठी सतरंजी होती, तीवर ती सर्वांच्या पुढे जाऊन बसली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. निदान मी तरी नाही.

अण्णा म्हणाले, "आता मास्तरांचं वादन ऐकू या," आणि रेकॉर्ड लावली.

कर्ण्यातून धवला सुरू झाला. जवळ आला. मग लांब गेला, दाराकडे, आणि परत फिरला. मास्तर सॅक्सोफोन छातीशी धरून, फोटोत हलू नये म्हणून ताठ उभे.

आंबीबाय गुडघ्यावर हात टेकून उठली. स्टेजजवळ गेली. मास्तरांच्या पायांकडे पाहिलं, मग कर्ण्याकडे पाहिलं, मग पुन्हा पायांकडे. आणि लग्नाच्या मांडवात ओळ घ्यावी तशा मोकळ्या आवाजात तिने विचारलं,

"मास्तर, तुमी त हितंच उभं हाव. मंग यो चालतंय तो कोन?"