शिट्टीबाईंचे पट्टेवाले

जन्मभर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना अख्खी वस्ती शिट्टीबाई म्हणायची. तोंडावर नव्हे, तेवढी कोणाची छाती नव्हती. लग्न केलेलं नव्हतं, आवाज खणखणीत, आणि घरात चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या. अशा घरात त्यांची धाकटी बहीण राहायला आली. नवरा गेल्यापासून तिला तिचं घर खायला उठायचं, म्हणून बाईंनीच आग्रह करून आणलं. पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केलेली ही धाकटी दिसायला मवाळ, पण ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. बघता बघता दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य जमलं. टॉवेल कुठे वाळत घालायचा, खिडकी किती उघडायची, दिवा कोणी चालू ठेवला. भांडायला काहीही पुरायचं.

माशांची टाकी धाकटीनं आणली. "घरात तुझ्या हुकमाबाहेरचं काहीतरी असू दे," म्हणाली. टाकीत दोन टायगर बार्ब. बोटाच्या दोन पेरांएवढे, सोनेरी अंग, त्यावर काळे उभे पट्टे, परांच्या कडा लालभडक. जात काटक, लवकर दगावणारी नव्हे. पण क्षणभर स्वस्थ बसतील तर शपथ!

त्यातला जरा थोराड होता तो दुसऱ्याच्या मागे हात धुऊन लागला. हात नसताना कोणी इतकं मागे लागतं, हे बाईंनी प्रथमच पाहिलं. बिचारा लहाना फिल्टरच्या मागे दडी मारून बसायला लागला. त्याच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या.

बाईंनी काचेवर बोट आपटलं. "ए! मागे हो!"

"ताई, ते मासे आहेत. सहावी ब नव्हे."

"शिस्त सगळ्यांनाच लागते."

बाईंनी थोराडाला जाळीत पकडलं आणि टाकीतल्याच पाण्यानं भरलेल्या काचेच्या मोठ्या बरणीत घालून कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. वर्गाबाहेर उभं केलं, म्हणा ना. पण झालं भलतंच. चारआठ दिवसांत थोराडाचे पट्टे राखेसारखे फिके पडले. तो तळाशी बसून राहिला, खाणं तोंडात घेईना. आणि इकडे लहान्यानं मोकळं फिरायला हवं, तर तोही फिल्टरमागून हलेना. शिक्षा एकाला आणि आजारी दोघं, असं बाईंच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. त्या मनातून चरकल्या.

त्याच आठवड्यात खिडकीवरून पुन्हा ठिणगी पडली. धाकटीनं ताट सरकवलं. "मी खोली बघतेय. मागच्या गल्लीत एक रिकामी आहे."

"बघ," बाई म्हणाल्या. आणि अर्धं ताट तसंच टाकून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यांना पाहून सवयीनं उठून उभा राहिला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "बाई, ही टोळीनं राहणारी जात. तुमच्या बहिणींना तेव्हाच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, घरात माणसं दोन, मासेही दोनच पुरेत."

"असं म्हणाली?"

"हो. दोनच असले की एकाचा सगळा जोर दुसऱ्यावर निघतो. आठजण असले की तोच पाठलाग सगळ्यांत वाटला जातो. भांडतात, पण कोणाच्या जिवावर बेतत नाही. आणि एकटा ठेवलात तर खंगतो."

"एक दंगा करतो म्हणून आणखी सहा दंगेखोर घरात आणू?"

"आणा. टाकी मात्र मोठी घ्या. सहाही एकदम सोडू नका, आधी तीन, मग तीन."

टाकी मोठी म्हणजे बादल्याही जास्त. बाईंचा गुडघा दुखरा, तेव्हा धाकटीनं पदर खोचला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग टाकीत ओतलं, जुना फिल्टर न धुता तसाच बसवला. थोराड आणि लहाना नव्या पाण्यात गेले, मग तीन पाहुणे, पुढच्या आठवड्यात आणखी तीन. थोराडानं लगेच दादागिरी सुरू केली, पण पाठलाग कोणाचा करायचा? एकाच्या मागे लागावं तर दुसरा आडवा जायचा, तोवर तिसरा याच्याच मागे. सगळी टोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती धावत होती. हळूहळू थोराडाचे पट्टे काळेभोर झाले. लहाना बाहेर आला तो थेट खाण्यावर तुटून पडला.

दोघी टाकीसमोर बसल्या होत्या. बाईंनी काचेकडे बघतच विचारलं, "खोली पाहिलीस?"

"पाहिली. उजेड नाही."

"मग नको जाऊस." आणि वर म्हणाल्या, "उजेड असता तरी नको."

बाईंनी आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं. धाकटीनं माशांना चिमूटभर खाणं टाकलं. मग ती म्हणाली, "राहते. पण ताई, या घरात आपण दोघीच आहोत ना, म्हणून एकमेकींना जड होतो. माझ्या पोस्टातल्या मैत्रिणींना बोलावू का अधूनमधून?"

"इथे?"

"नाहीतर काय, टाकीत?"

चौघी आल्या. काय तो गलका! पत्त्यांचा डाव मांडला. बाई हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. जोडीला एकजण कमी पडली तेव्हा नाइलाजानं बसल्या, आणि सपाटून हरल्या. मग त्यांच्यातल्या, पोस्टाच्या पार्सल खिडकीवर काम केलेल्या एकीवर लबाडीचा आरोप केला. तिनं तिथल्या तिथे सडेतोड उत्तर दिलं. बाईंना इतकं तोंडावर बोलणारं माणूस बहिणीखेरीज भेटलं नव्हतं. धाकटी हसून हसून लोळायची बाकी राहिली.

दोघी बहिणींचं खिडकीवरून अजून वाजतंच. पण संध्याकाळपर्यंत विषय मिटलेला असतो. पुढच्या खेपेस पार्सलवाली आली नाही, तेव्हा फोन बाईंनीच लावला. "का हो, घाबरलात की काय?" त्यांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "सर्दी झालीय. बरी झाले की पुन्हा हरवायला येते."