वात्तुगाड्यांची पहिली पंगत

माझ्या मामाच्या भुवईवर आडवा व्रण आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं की आई घाईघाईने सांगते, "लढाईतला." तो लढाईतला नाही. तंजावुरातल्या कालव्याच्या काठावर, आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, एका भाताच्या गिरणीच्या मालकाच्या माणसाने तो केला. आणि त्या गिरणीचा तांदूळ आमच्या घरी त्यानंतरही शिजत राहिला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी छापखान्यात वाढले. वडील मजुरीची, संपाची, देवळात प्रवेश मागणारी पत्रकं छापत. माझी अक्षरओळख त्या तमिळ पत्रकांवरच झाली. मराठी आम्ही घरात नुसती बोलायचो. ती वाचायला मी नंतर हट्टाने शिकले. पत्रकांत वाढल्यामुळे कोणी अन्याय केला की माझ्या डोक्यात आधी मथळा तयार होई, राग नंतर. त्या दिवशी मात्र उलट झालं.

महायुद्ध संपल्यावर सरकारने लष्करी सामान लिलावात काढलं. त्यात काही गाड्या होत्या, वरून जीप आणि खालून होडी. रस्त्यावर चाकांनी धावत, पाण्यात मागच्या पंख्याने पोहत. लष्करात त्यांना बदक म्हणत. आमच्या गावाने त्याचं तमिळ केलं, वात्तु. आमच्या भागातल्या पाचसहा हौशी माणसांकडे अशा वात्तुगाड्या होत्या. त्यांत पापनाशमचे एक डॉक्टर होते, ओरत्तनाडूचा एक कंत्राटदार होता, गिरणीचे मुदलाळी, म्हणजे मालक, होते आणि माझा मामा होता.

मामाची गाडी त्याची एकट्याची नव्हती. अर्धी डायवरची होती. दोघे ब्रह्मदेशात एकाच तुकडीत होते, एकाच गाडीवर; ती तो चालवायचा. तिथे एका भांड्यात जेवले होते. परत आल्यावर मामा गावातल्या पश्चिम वीथीतल्या घरी आला आणि डायवर रुळांपलीकडच्या चेरीत गेला. गावाने ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांच्या वस्तीला आमच्याकडे चेरी म्हणतात. तो मामाला अजून "हवालदार" म्हणायचा, मामा त्याला "डायवर". डायवर तोंडाचा तिखट माणूस. गाडीचा तळ ग्रीसने भरताना तो मुदलाळींची नक्कल करायचा, आणि मी हसून हसून खाली बसायची.

दर वर्षी कालव्याला भरपूर पाणी आलं की मुदलाळींच्या नारळीच्या बागेत या गाड्या जमत. कालवा ओलांडून जायचं, वळून परत यायचं, उतारावरून वर चढायचं. शर्यत वेगाची नव्हतीच. या गाड्यांच्या तळाला पितळी बुचं असतात. पाण्यात जाताना ती घट्ट आवळायची, जमिनीवर आलं की उघडायची, म्हणजे आत झिरपलेलं पाणी वाहून जातं. इथे ते पाणी घंगाळात धरत आणि भात मोजायच्या मापाने सगळ्यांसमोर मोजत. ज्याच्या पोटात सगळ्यात कमी पाणी, तो जिंकला. मग सगळ्यांची बुचं हळदकुंकू लावलेल्या ताटात मुदलाळींसमोर ठेवायची, ती जेवण होईपर्यंत. जिंकलेल्याचं पान पहिल्या पंगतीत पहिलं, आणि त्यावर भात मुदलाळींनी स्वतःच्या हाताने वाढायचा.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात दर वर्षी मारामारी होई. मधल्या पाण्यात एकमेकांच्या गाड्यांना धडका देत, तळ उसवावा म्हणून. कंत्राटदाराचा दात तिथेच गेला. एका वर्षी डॉक्टरांच्या पंख्यात एक म्हैस सापडली, पाणी लाल झालं, आणि लोक काठावरून टाळ्या वाजवत होते. टाळ्या!

आदल्या वर्षी मामा जिंकला होता. तो पहिल्या पानावर बसला आणि डायवरला मांडवामागे, झाडाखाली, त्याच्या पत्र्याच्या ताटात वाढलं. मामा जेवला. डायवर त्याच्याशी पोंगलपर्यंत बोलला नाही. बोलला तेव्हा आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "हवालदार, या वर्षी जिंकलो तर माझं पान तुझ्या शेजारी. नाहीतर तळ तू भर, तुझा तू बूड."

मामाने स्टिअरिंगवर हात ठेवून शब्द दिला.

त्या सकाळी बागेत पोचल्याबरोबर मामाने मुदलाळींना सांगितलं, "जिंकलो तर दोन पानं."

मुदलाळी हसले. "आधी जिंका की हो! पानं काय, केळी उभ्या आहेत बागेत."

मी या विषयावर पत्रक छापून नेलं होतं. ते हातोहात संपलं, कारण ग्रीसचे हात पुसायला कागद कमी पडत होता.

गाड्या पाण्यात उतरल्या. परतताना मधोमध मुदलाळींची मोठी गाडी सरळ मामाच्या गाडीच्या कुशीवर आली. लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज मी काठावर उभी राहून पोटात ऐकला. मुदलाळींच्या माणसाने लांब बांबूने डायवरच्या खांद्यावर घाव घातला, परत घातला. डायवरने तिसऱ्या वेळी बांबूच धरला आणि ओढला. माणूस पाण्यात. "पोह, राजा, पोह!" डायवर ओरडला. "तुझ्या मालकाची गाडी आता तुला उचलायला थांबायची नाही!" ती थांबली नाहीच. त्याला डॉक्टरांनी आपल्या गाडीत ओढून घेतलं.

उतारावर बुचं उघडली. मुदलाळींच्या गाडीने अर्धं घंगाळ भरलं. आमच्या गाडीखालून बारीक धार आली आणि तुटली. एक मापही भरलं नाही.

"मध्ये पंप मारून पाणी उपसलं यांनी," मुदलाळी म्हणाले.

"मी मागेच होतो," डॉक्टर म्हणाले. "पंपाला कोणी हात लावला नाही." मग स्वतःच्या धाडसाने घाबरून ते चष्मा पुसू लागले.

बुचं ताटात गेली. सगळे मांडवात आले. पहिल्या जागी एकच पान होतं.

"दुसरं?" मामाने विचारलं.

"त्याचं मागे वाढलंय. पोटभर वाढलंय. आणखी काय पाहिजे?"

मामा काही बोलायच्या आधी डायवर पुढे झाला आणि त्या एकुलत्या पानावर मांडी घालून बसला. पानावर पाणी शिंपडलं, हाताने पुसलं. आणि वाट बघत राहिला.

मुदलाळींच्या दोघा माणसांनी त्याला केसांना धरून मागे ओढला. एकाने तोंडावर लाथ मारली. ओठ फाटल्याचं मी बघितलं. मामा मधे पडला तेव्हा गाडी चालू करायचं लोखंडी हँडल त्याच्या भुवईवर बसलं. मी सांबाराचं ओगराळं उचलून ज्याच्या हातात हँडल होतं त्याच्या मनगटावर मारलं. मला त्याची अजून लाज वाटत नाही. तो ओरडला, हँडल पडलं. पण बाकीचे धावत होते, रस्त्याकडच्या फाटकात काठ्या घेऊन उभे होते, आणि मामाने डायवरला बखोटीला धरून गाडीत फेकला. गाडी मांडवातून गेली. खांब मोडले, रसमचं पातेलं उलथलं, भाजलेल्या पायांनी माणसं किंचाळत पळाली. रस्ता बंद होता. एकच वाट मोकळी होती, कालव्याची. मामाने गाडी उतारावरून पाण्यात घातली.

"हवालदार! बुचं!" डायवर ओरडला.

बुचं ताटात होती, हळदकुंकू लावलेली.

ब्रह्मदेशात ज्याने गोळ्यांखाली कधी बूच विसरलं नाही, तो माणूस रागात विसरला. गाडी मधोमध गेली आणि शांतपणे खाली बसली. मामा छातीभर पाण्यात बॉनेटवर उभा, भुवईवरून रक्त डोळ्यांत. काठावरची माणसं आधी दगड मारत होती; मग ती हसू लागली. दगडांपेक्षा ते हसणं मला जास्त लागलं.

डायवर पोहायला लागला. पलीकडचा काठ जवळ होता, तिथून चेरीकडे वाटही जात होती. तो या काठाला आला. उतारावरून चालत वर आला, अंगातून पाणी गळतंय, हनुवटीवरून रक्त. त्याच्याकडे बघून माणसं बाजूला झाली. त्याला मारायचं कोणाला सुचलं नाही. मोडक्या मांडवाखाली पहिलं पान अजून जागेवर होतं. तो त्याच पानावर बसला.

"वाढा," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. मी भाताची परात उचलली.

"तू नको, पोरी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुझ्या हातचं मी तुमच्या घरी खाईन. नियम यांचा आहे. यांनी वाढावं."

मुदलाळी हात मागे बांधून उभे होते. डायवरच्या ओठातलं रक्त हिरव्या पानावर पडत होतं. तो बराच वेळ बसला. मग त्याने ते रिकामं पान दुमडलं. आमच्याकडे जेवण झालं की पान आपल्या बाजूला दुमडतात. मयताच्या जेवणातच ते पलीकडे दुमडतात. त्याने ते पलीकडे दुमडलं.

मुदलाळींचा चेहरा उतरला. "कोण मेलं रे इथे?" ते ओरडले.

"तेच बघायला बसलो होतो," डायवर म्हणाला आणि उठला.

त्या पानानंतर कोणीही पंगतीला बसेना. कंत्राटदाराने पायात वहाणा घातल्या. डॉक्टर माझ्या शेजारून मान खाली घालून गेले. मुदलाळी "बसा हो, बसा," म्हणत राहिले, पण अशा दुमडलेल्या पानासमोर घास घ्यायची छाती एकाचीही झाली नाही. भाताच्या ढिगावर कावळे उतरले. वात्तुगाड्या पुन्हा कधी तिथे जमल्या नाहीत.

डायवरने जाता जाता ताटातली आमची बुचं उचलली, धोतराला पुसली आणि खिशात टाकली. खाली मामा पाण्याबाहेर येऊन काठावर बसला होता, भुवई हाताने दाबून. डायवर त्याच्या शेजारी बसला.

"जेवलास?" मामाने पाण्याकडे बघत विचारलं.

"नाही," डायवर म्हणाला. "पण तेही जेवले नाहीत."