मंगलाबाईची एकोणतीस राज्यं

सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत मंगलाबाई राहते, मूळची अमळनेरकडची. घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. गठ्ठ्याला गुंडाळून आलेला पेपर कधी फेकत नाही. हात चालतात, डोळे वाचतात. शाळा सातवीपर्यंतच, पण विचाराल ते सांगेल.

गणपतीत आमचं मंडळ बायकांसाठी सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवतं. जिंकेल तिच्या हाती आरतीचं ताट. मंगलाबाई विधवा. एरवी तिला ताट कोण देतं? ते जिंकूनच मिळणार होतं.

गेल्या वर्षी शेवटचा प्रश्न तिला आला, देशात राज्यं किती?

"अठ्ठावीस."

प्रश्न विचारणारा मंडळाचा अध्यक्ष काशिनाथ, लूमच्या कारखान्यात मुकादम. त्याने हातातल्या सामान्यज्ञानाच्या गाइडात बघितलं. "चूक! एकोणतीस."

"अहो भाऊ, काश्मीर आता राज्य नाही. पाच वर्षं झाली."

"वहिनी, इथं छापलंय. तुम्ही आपले खडे चिकटवा, राज्यं आम्ही मोजतो."

हे माइकवर. सगळा मांडव हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

मंगलाबाई रडली नाही. मूर्तीकडे बघून आपल्या अहिराणीत एवढंच पुटपुटली, "आते देख." आता बघच. काशिनाथच्या हातचा प्रसाद मात्र तिने घेतला नाही.

गाइडाचं कव्हर तिने नीट बघून ठेवलं होतं. दहा वर्षांपूर्वीचं. तसंच एक रद्दीवाल्याकडून शोधून आणलं आणि वर्षभर पाठ करत बसली.

मी म्हटलं, "अगं, यातलं निम्मं आता चूक आहे."

"म्हणून तर पाठ करते."

यंदा पाहुणे म्हणून निवृत्त शिक्षक रामदास गुरुजी आले होते. काशिनाथ तेच गाइड घेऊन मंगलाबाईसमोर उभा.

"सर्वात जास्त चंद्र कोणत्या ग्रहाला?" "गुरूला." "बरोबर!"

"रेल्वेचं बजेट?" "वेगळं मांडतात." "बरोबर!"

"अभिजात भाषा किती?" "सहा." "बरोबर!"

"पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांची पहिली वखार?" "आपल्या सुरतेत." "बरोबर!"

"राज्यं?" "एकोणतीस." "शाब्बास, वहिनी! यंदा अभ्यास केलात!"

गुरुजींच्या कपाळावर आठ्या. काशिनाथने खुशीत माइक तिच्या हाती दिला. "बोला दोन शब्द."

"वखारीचं तेवढं बरोबर," मंगलाबाई शांतपणे म्हणाली. "बाकी माझी सगळी उत्तरं चूक. जास्त चंद्र शनीला. रेल्वेचं बजेट कधीच मोठ्या बजेटात गेलं. अभिजात भाषा अकरा, त्यात आपली मराठी. वर्ष होत आलं. आणि राज्यं अठ्ठावीस."

मांडवात एक हसला, मग सगळेच. यंदा काशिनाथला.

तो चिडला. "मग ताट मिळणार नाही! उत्तरं चूक आहेत ना?"

"तुम्हीच बरोबर म्हणालात, माइकवर. आता चूक म्हणा, तेही माइकवर. मग गेल्या वर्षीचं ताट द्या."

गुरुजींनी विचारलं, "काशिनाथ, राज्यं किती?"

तो खाली बघत म्हणाला, "अठ्ठावीस."

"ऐकू आलं नाही भाऊ," मंगलाबाईने माइक त्याच्या तोंडाशी धरला.

"अठ्ठावीस!"

मग तिने ताट घेतलं. देवापुढे खोटं बोलले म्हणून आधी कान धरले, मूर्तीकडे बघून. आरती झाली. निरांजन तिने एकेकापुढे नेलं, लेकराबाळांपुढेही. काशिनाथ दोन्ही हात पुढे करून उभा होता. त्याच्यासमोरून ती तशीच पुढे गेली.